राखणदाराचे अंथरूण

रात्रीची जेवणे आटोपली, झाकपाक झाली, दिवे मालवले, की घरातील प्रत्येक जण आपापल्या अंथरुणाकडे वळतो. कोणाला गादी असते, कोणाला सतरंजी, तर कोणाला आजीच्या हातची मऊ गोधडी. गाईला गोठा असतो, कोंबड्यांना खुराडे असते. पाखरेही तिन्हीसांजेला आपली फांदी गाठतात. या सर्वांच्या झोपेची राखण करणारा कुत्रा मात्र पुष्कळ घरी उंबऱ्याबाहेरच्या उघड्या फरशीवर अंगाचे वेटोळे करून पडलेला दिसतो. त्याच्या भाकरीची आठवण घरात सर्वांना असते. त्याच्या अंथरुणाची आठवण क्वचितच कोणाला होते. “कुत्र्याला कसले आले अंथरूण! तो काय, कोठेही पडतो,” असे म्हणून लोक तो विषय तेथेच संपवतात.

हे म्हणणे खरे नाही. मोकळा हिंडणारा कुत्रा कोठे झोपतो, हे निरनिराळ्या ऋतूंत लक्ष देऊन पाहिले म्हणजे त्याची खात्री पटते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो रांजणाजवळची ओली जागा शोधतो. किंवा झाडाखालची वरची तापलेली माती पायांनी उकरून खालच्या गार मातीला पोट टेकतो. पावसाळ्यात तो ओसरीचा कोरडा कोपरा धरतो. पौषातील थंडीत विझलेल्या चुलीपाशी किंवा पेंढ्याच्या गंजीच्या आडोशाला जाऊन झोपतो. म्हणजे तो कोठेही पडत नाही. ऊन, वारा व ओल पाहून तो आपली जागा मोठ्या चोखंदळपणे निवडतो. परंतु ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा पडला आणि ज्याची साखळी खुंटाला अडकली, त्याची ही निवड संपली. शहरातील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुत्र्यालाही उकरायला माती नाही आणि आडोशाला गंजी नाही. त्याची निवड माणसाने काढून घेतली. म्हणून ती त्याच्या वतीने करण्याचे कर्तव्यही माणसाकडेच आले. कुत्र्याचे अंथरूण हा लाडाचा किंवा हौसेचा प्रकार नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा भारतात १९६० साली झाला, त्यातही पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे ही क्रूरताच मानलेली आहे.

कुत्रा व माणूस यांची सोबत फार प्राचीन आहे. गाय, मेंढी, घोडा हे प्राणी माणसाळण्याच्या कितीतरी आधी लांडग्याच्या कुळातील हा प्राणी माणसाच्या वस्तीत आला. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक जुने दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याची हाडे होती. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याच्या दातांवरील खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते सहा-सात महिन्यांचे पिल्लू होते, आणि त्यापूर्वी काही आठवडे ते कठीण दुखण्याने आजारी होते, असे त्यावरून दिसून आले. अशा आजारात कोणी ऊब दिल्यावाचून, पाणी पाजल्यावाचून व अंग स्वच्छ ठेवल्यावाचून ते पिल्लू इतके दिवस जगले नसते, असे त्या शास्त्रज्ञांचे मत आहे. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नव्हते. तरीही कोणीतरी त्याची शुश्रूषा केली. आपल्या देशातही काश्मिरात श्रीनगरजवळ बुर्झाहोम येथे जमिनीत खड्डे खणून त्यांत राहणाऱ्या नवाश्मयुगीन लोकांच्या वस्तीत माणसांच्या शेजारी पुरलेले कुत्रे आढळले आहेत. माणसाला नीट घर बांधता येत नव्हते, तेव्हापासून त्याने आपल्या उबेतला वाटा या सोबत्याला दिलेला आहे.

चांगले अंथरूण तयार करायचे, तर ज्याच्यासाठी ते करायचे त्याचे शरीर आधी जाणून घेतले पाहिजे. कुत्रा निजण्यापूर्वी त्याच जागी दोन-तीन वेळा गोल फिरतो, पुढच्या पायांनी जमीन खरवडतो आणि मग बसतो. घरातील गुळगुळीत फरशीवरही तो हेच करतो. चार्ल्स डार्विन या थोर निसर्गशास्त्रज्ञाने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात या सवयीचा विचार केला आहे. कुत्र्याचे रानटी पूर्वज उंच गवत तुडवून व माती उकरून निजण्यापुरती खोलगट जागा करीत असावेत, आणि ती जुनी सवय आजच्या कुत्र्यात उरली असावी, असे त्याने लिहिले. फरशी तुडवली जात नाही व उकरली जात नाही. तरी बिचारा आपल्या वाडवडिलांची रीत पाळतो. त्याला दबेल आणि खोलगट होईल असे अंथरूण मिळाले, म्हणजे त्याची ही धडपड सार्थकी लागते.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे माणसाहून थोडे अधिक असते. दगडी फरशी व सिमेंटचा कोबा ही ऊब थंडीच्या दिवसांत भराभर शोषून घेतात. म्हणून कुत्रा पाय पोटाशी घेतो, नाक शेपटीखाली दडवतो व अंगाचा गोळा करतो. अंगाचा जितका कमी भाग उघडा राहील, तितकी ऊब कमी जाते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट अडचण येते. माणसाला सर्वांगाला घाम येतो व तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला तसा घाम मुख्यतः पावलांच्या गाद्यांवर तेवढा येतो. त्यामुळे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून व धापा टाकून त्याला आपले अंग थंड ठेवावे लागते. अंगावरचा केसाळ डगला त्याला काढून ठेवता येत नाही. म्हणून जे अंथरूण पौषात सुखाचे, तेच वैशाखात नकोसे होते.

तिसरी गोष्ट हाडांची. कुत्रा बसला म्हणजे त्याच्या देहाचा बराच भार पुढच्या पायांच्या कोपरांवर येतो. तेथे मांस थोडे आणि हाड कातडीलगत असते. वर्षानुवर्षे कठीण जमिनीवर बसणाऱ्या अंगाने जड कुत्र्याच्या कोपरांवरील केस झडतात, कातडी काळी व राठ होऊन घट्टे पडतात. कधी तेथे पाणी धरून सूजही येते. नुसत्या मऊ अंथरुणाने हे दुखणे पुष्कळ अंशी टळते. कुत्रा दिवसाचा जवळजवळ निम्मा काळ निजून किंवा पडून काढतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे अंथरुणाचे महत्त्व आणखी पटते.

यावरून अंथरुणाचे चार गुण ठरतात. त्याने जमिनीचा गारठा अडवला पाहिजे. ते हाडांना मऊ लागले पाहिजे. ते कोरडे राहिले पाहिजे. आणि ते सहज धुता आले पाहिजे. महागाची गादी आणली आणि ती धुता आली नाही, तर चौथा गुण नसल्यामुळे पहिले तीनही वाया जातात. उलट घरातील जुन्यापान्या कपड्यांतून हे चारही गुण साधता येतात. महाराष्ट्रातील बायका पिढ्यान्‌पिढ्या गोधडी शिवत आल्या आहेत. देशावर तिलाच कोठे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्याने शिवले, म्हणजे गोधडी होते. ती स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थराथरांत जी हवा कोंडून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. एका जाड कापडापेक्षा पातळ कापडाचे अनेक थर अधिक उबदार लागतात, त्याचे कारण हेच. कुत्र्याचे अंथरूणही याच तत्त्वावर करावे.

मापापासून आरंभ करावा. “अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण माणसांसाठी आहे; कुत्र्याला ती ठाऊक नसते. त्याच्यासाठी पाय पाहून अंथरूण पसरावे लागते. कुत्रा कुशीवर आडवा होऊन पाय ताणून झोपला असता, त्याला हात न लावता त्याच्या नाकापाशी व शेपटीच्या मुळापाशी जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. तशाच खुणा पाठीमागे व पायांच्या टोकांशी कराव्यात. तो उठून गेला म्हणजे खुणांमधील अंतर मोजावे. लांबीत एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, अधिक धरावी. मध्यम आकाराच्या गावठी कुत्र्याला ९० सेंटिमीटर लांब व ६५ सेंटिमीटर रुंद अंथरूण बहुधा पुरते. फार मोठे अंथरूणही बरे नव्हे. त्यात कुत्र्याला आडोसा वाटत नाही.

या अंथरुणाचे तीन भाग असतात: खाली पेंढ्याचे पोते, मध्ये वाकळेची गादी व वर खोळ. पोते गारठा अडवते, गादी मऊपणा देते आणि खोळ स्वच्छता राखते.

पोत्यासाठी धान्याचे जुने गोणपाट घ्यावे. खताचे किंवा कीटकनाशकाचे पोते कितीही धुतले तरी या कामी वापरू नये. त्यातील विष कुत्र्याच्या अंगाला लागते व अंग चाटताना पोटात जाते. गोणपाट झटकून उन्हात वाळवावे व त्यात भाताचा कोरडा पेंढा भरावा. पेंढ्याची काडी पोकळ असते, त्यामुळे तिच्यात व काड्यांच्या मधल्या फटींत हवा राहते. पेंढा गच्च ठासू नये. बोटाने दाबला असता खाली जावा व सोडताच वर यावा, इतकाच भरावा. मग पोत्याचे तोंड दाभण व सुतळी घेऊन शिवून टाकावे. दाभण घरातील मोठ्या माणसाने चालवणे चांगले. शहरात पेंढा मिळत नसल्यास काथ्याची चटई किंवा उलगडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे चार-पाच थर खाली घालावेत. पुठ्ठ्याच्या नळ्यांतही हवा असल्यामुळे तो गारठा चांगला अडवतो.

वाकळेसाठी जुनी सुती वस्त्रे निवडावीत. नायलॉनचे कापड घेऊ नये. ते ओल शोषत नाही व उन्हाळ्यात अंगाला गरम लागते. वस्त्रे आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. त्यांवरील गुंड्या, आकडे, जरीचे काठ, नाड्या हे सर्व उसवून काढावे. कुत्र्याला, विशेषतः पिल्लाला, दाताखाली येईल ते कुरतडण्याची सवय असते. गिळलेली गुंडी किंवा लांब नाडी आतड्यात अडकली, तर त्याच्या जिवावर बेतते. यानंतर १८० सेंटिमीटर लांब व ६५ सेंटिमीटर रुंद असे सहा थर एकावर एक पसरावेत. वरच्या व खालच्या थराला धडके कापड घ्यावे. फाटके, जोड दिलेले तुकडे मधल्या थरांत घालावेत. थर हाताने मधून कडांकडे सारखे करावेत, म्हणजे आत सुरकुती राहत नाही. मोठे टाके घालून ते आधी टाचून घ्यावेत आणि मग जाड दोऱ्याने धावदोरा घालावा. शिवण मधून सुरू करून कडेकडे न्यावी. दोन ओळींत तीन बोटांचे अंतर ठेवावे. शेवटी चारही कडा आत दुमडून पक्क्या शिवाव्यात.

ही १८० सेंटिमीटरांची वाकळ मधोमध दुमडली, म्हणजे ९० सेंटिमीटर लांबीची बारा थरांची गादी होते. एकदम बारा थर का शिवू नयेत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धुण्याच्या दिवशी मिळते. जाड गादी आतून वाळत नाही, आणि आत राहिलेली ओल कुबट वास व बुरशी यांना आमंत्रण देते. दुमडलेली वाकळ मात्र उलगडता येते, दोरीवर टाकता येते, आणि चांगल्या उन्हात एका दिवसात वाळते. अंगाने जड कुत्र्यासाठी वाकळ २७० सेंटिमीटर लांब करून तिची तिहेरी घडी घालावी.

खोळीसाठी जाड मांजरपाट उत्तम. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो. म्हणून कापण्यापूर्वी तो एकदा भिजवून वाळवावा. गादीपेक्षा खोळ लांबी-रुंदीला चार चार सेंटिमीटर सैल हवी. यासाठी २१२ सेंटिमीटर लांब व ७३ सेंटिमीटर रुंद कापड घ्यावे. दोन्ही आखूड कडा दोन दोन सेंटिमीटर दुमडून शिवाव्यात. राहिलेल्या २०८ सेंटिमीटरांपैकी टोकाचे २० सेंटिमीटर झडपेसाठी सोडावेत व उरलेल्या १८८ सेंटिमीटरांची ९४-९४ अशी दुहेरी घडी घालावी. झडप घडीवर वळवून दोन्ही लांब बाजू दोन दोन सेंटिमीटर आत शिवाव्यात आणि खोळ उलटी करावी. उशीच्या अभ्र्याप्रमाणे झडप आत वळते व गादी बाहेर सरकत नाही. गुंडी नको, बंद नको; चावायला काही उरतच नाही. अशा दोन खोळी शिवाव्यात. एक दोरीवर वाळत असली, म्हणजे दुसरी अंथरुणावर असते.

अंथरूण झाले, तरी अर्धे काम बाकी राहते. ते चुकीच्या जागी घातले तर कुत्रा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जागा कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची व येण्याजाण्याच्या वाटेबाहेरची असावी. ती चुलीला किंवा शेगडीला लागून नसावी. मोरीजवळची ओली जागा टाळावी. कोपरा चांगला, कारण पाठीशी भिंत असली म्हणजे त्या प्राण्याला निर्धास्त वाटते. परंतु त्या कोपऱ्यातून घरातील माणसे किंवा घराचे दार दृष्टीस पडावे. कुत्रा कळपाने राहणाऱ्या कुळातला आहे; घरातील माणसे हाच त्याचा कळप होय. अडगळीच्या खोलीत एकटे टाकलेले मऊ अंथरूण त्याला शिक्षेसारखे वाटते. पाण्याचे भांडे जवळ असावे, पण ते सांडून अंथरूण भिजेल इतके जवळ नसावे. उन्हाळ्यात पेंढ्याचे पोते काढून ठेवावे व एकेरी वाकळ किंवा नुसती खोळ अंथरावी. सुंभाने विणलेली लहान, बुटकी बाज घरी असेल, तर तिच्यावर कुत्र्याला खालूनही वारा लागतो. इतके करूनही तो भर दुपारी अंथरूण सोडून गार फरशीवर जाऊन पडला, तर त्याला परत ओढून आणू नये. आपल्या शरीराला काय हवे, हे त्याला अधिक समजते.

नवे अंथरूण कुत्र्याच्या दृष्टीने परके असते. माणूस वस्तू डोळ्यांनी ओळखतो. कुत्रा ती नाकाने ओळखतो. म्हणून तो पूर्वी ज्या तरटावर किंवा फडक्यावर निजत असे, त्याचा एक तुकडा नव्या अंथरुणावर टाकावा. भाकरीचा एखादा घास तेथे ठेवावा. तो आपण होऊन तेथे बसला, तर मायेने दोन शब्द बोलावेत. त्याला धरून तेथे बसवू नये, आणि रागावून “जा तुझ्या जागेवर!” असे म्हणून तेथे पिटाळूही नये. ज्या जागेवर बोलणी खावी लागतात, ती जागा विसाव्याची राहत नाही. एक नियम तर घरातील लहानथोरांनी कटाक्षाने पाळावा. कुत्रा आपल्या अंथरुणावर झोपला असता त्याच्या अंगाला हात लावू नये, त्याच्यावर ओणवे होऊ नये, त्याची शेपटी ओढू नये. झोपेतून दचकून उठलेला अतिशय गरीब कुत्राही क्षणभर आपला-परका ओळखत नाही व चावून बसतो. बोलवायचे असल्यास दुरून नावाने हाक मारावी.

अंथरुणाची खरी कसोटी काही आठवड्यांनी लागते. पिसू कुत्र्याच्या अंगावर राहून रक्त शोषते. तिची मादी एका दिवसात चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांवरून निसटून अंथरुणात पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात व कापडाच्या घड्यांत शिरतात. पुढे त्या कोश करतात आणि कोशातून नवी पिसू बाहेर पडते. म्हणून कुत्र्याला कितीही आंघोळ घातली, तरी अंथरूण तसेच ठेवल्यास पिसवा पुन्हा येतात. गोचिडीची रीत थोडी निराळी. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. गोचिडीमुळे कुत्र्याला प्राणघातक तापही येतो.

यावर उपाय साधा, पण नेमाचा आहे. खोळ दर आठवड्याला बदलावी व मोठ्या माणसांकडून उकळत्या पाण्यात घालून धुववावी. वाकळ रोज झटकावी, आठवड्यातून एकदा उलगडून उन्हात टाकावी व महिन्यातून एकदा धुवावी. पोत्यातील पेंढा कुबट वास येताच बदलावा. पावसाळ्यात तो लवकर बुरसतो. अंथरुणामागची भिंत व कोपऱ्यातील फटी झाडून साफ ठेवाव्यात. अंथरुणाखाली कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी रीत आहे; तिला हरकत नाही, पण पाला घातला म्हणून धुणे चुकवू नये. डांबराच्या गोळ्या मात्र कधीही ठेवू नयेत. त्या कुत्र्याला विषारी असतात. अंगावर गोचिडी दिसल्यास बोटांनी चिरडू नयेत. पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. अंथरूण झटकल्यावर स्वतःचे हात साबणाने धुवावेत.

वयपरत्वे अंथरुणात थोडा फरक करावा लागतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे डोळे सुमारे दोन आठवडे मिटलेले असतात, आणि त्या काळात त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. ती आईला व एकमेकांना बिलगून राहतात. त्यांच्यासाठी लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात अंथरूण घालावे. खोक्याची कड पिल्लू बाहेर रांगणार नाही, पण आईला सहज ओलांडता येईल इतपत उंच ठेवावी. थंडी फार असल्यास गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मात्र मोकळी सोडावी, म्हणजे उकडू लागताच पिल्लाला दूर सरकता येते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात. त्याला जाड पण बुटके अंथरूण द्यावे, आणि फरशी निसरडी असेल तर अंथरुणापर्यंत एक तरट पसरून ठेवावे. जन्मभर घराच्या दारावर जागलेल्या प्राण्याला त्याच्या उतरत्या वयात पाय घसरू न देण्याइतकी काळजी घेणे, यात विशेष काही केले असे होत नाही.

ज्या कुत्र्याला घरच नाही, त्याच्यासाठीही एवढ्याच श्रमांत काही करता येते. थंडीच्या दिवसांत गल्लीतील कुत्र्यासाठी लोक फाटकी चादर टाकतात. हेतू चांगला असतो. पण ती चादर दवाने भिजली, म्हणजे कोरड्या जमिनीपेक्षाही अधिक गारठा देते. त्याऐवजी आडव्या ठेवलेल्या खोक्यात कोरडा पेंढा पसरावा, खोक्याचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस करावे, आणि ते दोन विटांवर ठेवून जमिनीच्या ओलीपासून वर उचलावे. पेंढा ओला झाल्यास बदलावा.

या साऱ्या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही. लागतात ती जुनी वस्त्रे, सुई-दोरा, दोन-चार सुट्टीच्या दुपारी आणि सर्वांत अधिक म्हणजे निरीक्षण. भूक लागली तर कुत्रा ताटलीपाशी येऊन उभा राहतो, परके पाऊल वाजले तर भुंकतो. पण कोपर दुखते, फरशी गार लागते, पेंढा ओला झाला आहे, हे त्याला सांगता येत नाही. ज्याला मागता येते त्याला देणे सोपे असते. ज्याला मागता येत नाही, त्याची गरज आपण होऊन ओळखावी लागते. आणि ही ओळखण्याची सवय एकदा जडली, की ती कुत्र्यापुरती राहत नाही.

अंथरूण चांगले झाले की नाही, हे शिवणाऱ्याने ठरवायचे नसते. नवी खोळ घातलेल्या गादीवर कुत्रा येतो, ती हुंगतो, पायांनी दोनदा खरवडतो, आपल्या पूर्वजांच्या रीतीने गोल फिरतो आणि एक दीर्घ सुस्कारा टाकून अंग सोडून देतो. थोड्या वेळाने त्याच्या अंगाचे वेटोळे सैल होते व पाय लांब पसरतात. थंडी, कठीणपणा व भय ही तिन्ही गेल्यावाचून कुत्रा असा निजत नाही. शिवणाऱ्याच्या श्रमांची तीच पावती होय.